समाजमाध्यमांवरची व्यावसायिक प्रतिमा

व्यावसायिक प्रतिमा म्हणजे एखाद्याच्या कामाविषयी, सचोटीविषयी आणि वागणुकीविषयी इतरांच्या मनात बसलेला समज. हा समज पूर्वी ओळखीपाळखीतून तयार होत असे. डॉक्टर निवडायचा तर शेजारी विचारपूस होई, वकील हवा असेल तर कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या एखाद्या नातेवाइकाचा सल्ला घेतला जाई, आणि नव्या कारकुनाला कामावर घेण्याआधी त्याच्या जुन्या साहेबांना फोन केला जाई. ही विचारपूस आजही होते, पण तिच्या जोडीला मोबाइलवर नाव टाकून पाहणेही आता सवयीचे झाले आहे. त्या शोधात सापडणारा मजकूर सगळाच संबंधित माणसाने लिहिलेला नसतो. मित्रांनी टॅग केलेली छायाचित्रे, ग्राहकांचे अभिप्राय, जुन्या वादातल्या प्रतिक्रिया, दिलेले लाइक आणि कधीकाळी घेतलेली गटांची सदस्यत्वे असे बरेच काही त्यात येते. प्रोफाइल सजवताना पाहिले जाते ते स्वतःच्या मजकुराकडे. प्रतिमेला धक्का बसतो तो बऱ्याचदा बाकीच्या मजकुरामुळे.

माणूस वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा वागतो, आणि त्यात लबाडी काही नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकात 'द प्रेझेंटेशन ऑफ सेल्फ इन एव्हरीडे लाइफ' या पुस्तकात हे रंगभूमीच्या परिभाषेत मांडले. शेटलंड बेटांवरील एका हॉटेलात त्यांनी पाहिले की, तेच कर्मचारी जेवणघरात पाहुण्यांसमोर एका रीतीने वावरतात आणि स्वयंपाकघरात गेले की दुसऱ्या. मधले दार दोन्ही जगांना वेगळे ठेवते. समाजमाध्यमांनी हे दार काढून टाकले. ॲलिस मार्विक आणि डॅना बॉइड या संशोधकांनी २०११ मध्ये ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच मजकूर एकाच वेळी घरचे, मित्र, साहेब, ग्राहक आणि अनोळखी माणसे वाचतात, त्यामुळे कोणाशी कसे बोलायचे हा नेहमीचा विवेक चालेनासा होतो, असे त्यात दाखवले आहे. पुण्यातल्या एखाद्या अभियंत्याच्या फेसबुकवरील मित्रयादीत शाळेतले सोबती, सासरची मंडळी, कंपनीतले वरिष्ठ आणि गल्लीतल्या मंडळाचे कार्यकर्ते एकत्र नांदतात. सोबत्यांसाठी मारलेली कोपरखळी वरिष्ठांना उद्धटपणा वाटते आणि सासरच्यांना आणखी काही तरी.

यावर स्वतःला पुसून टाकणे हा उपाय नव्हे. ढोलपथकात ताशा वाजवतानाचे किंवा राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचे छायाचित्र कोणाच्याही व्यवसायाला बाधा आणत नाही. उलट माणूस खरा आहे याची खूण पटते. व्यावसायिक प्रतिमेचा प्रश्न हसण्याखेळण्याशी नसून विश्वासाशी आहे. या माणसाच्या हाती आपली गोष्ट सुरक्षित राहील का, हा रागात काय बोलेल, हा सांगतो ते खरे असते का, हे पाहणारा तपासत असतो.

नाव आणि त्याचा शोध

प्रतिमेची देखभाल नावापासून सुरू होते. खात्यातून बाहेर पडून, किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत, स्वतःचे नाव शोधून पाहिले की अनोळखी माणसाला जवळपास काय दिसते ते कळते. खात्यात असताना हाच शोध फसवा असतो, कारण शोधयंत्रे वापरणाऱ्याच्या सवयीनुसार निकाल मांडतात. नाव मराठीत आणि इंग्रजीत, गावासह आणि व्यवसायासह, असे निरनिराळे शोधावे लागते.

मराठी नावांची स्वतःची एक अडचण आहे. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांपैकी काय लिहायचे, आद्याक्षरे वापरायची की पूर्ण नाव, आणि रोमन लिपीत स्पेलिंग कोणते, यांत एकाच माणसाच्या कागदपत्रांतही मेळ नसतो. पदवीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, लिंक्डइनवर दुसरे आणि दवाखान्याच्या पाटीवर तिसरे असेल, तर एकाच व्यक्तीचे काम तीन व्यक्तींमध्ये विभागून जाते. लग्नानंतर नाव आणि आडनाव बदलणाऱ्या स्त्रियांना याची झळ सर्वांत जास्त बसते. दहा वर्षांचे शोधनिबंध किंवा प्रकल्प माहेरच्या नावावर आणि पुढची नोकरी सासरच्या नावावर असली, की शोध घेणाऱ्याला ती सलग कारकीर्द दिसतच नाही. अनेक प्राध्यापक आणि डॉक्टर स्त्रिया म्हणूनच व्यवसायात पहिलेच नाव चालू ठेवतात किंवा दोन्ही आडनावे लिहितात. लिंक्डइनवर पूर्वीचे नाव नोंदवण्याची वेगळी सोय आहे आणि ती वापरण्याजोगी आहे. कोणतेही एक रूप ठरवावे आणि ते सगळीकडे सारखे ठेवावे, एवढ्याने निम्मे काम होते.

परदेशी जाणाऱ्यांच्या बाबतीत हा शोध आता सरकारी प्रक्रियेचाच भाग आहे. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यम खात्यांची नावे देणे २०१९ पासून बंधनकारक आहे. जून २०२५ मध्ये विद्यार्थी आणि विनिमय कार्यक्रमांच्या, म्हणजे एफ, एम आणि जे वर्गांच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची सूचना झाली. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जदारांना आणि त्यांच्या एच-४ वर्गातील कुटुंबीयांनाही ती लागू झाली. मराठी घरांतून इंजिनिअर होऊन अमेरिकेची वाट धरणाऱ्यांना याचा थेट सामना करावा लागतो. अर्जात लिहिलेली नोकरीची तारीख आणि लिंक्डइनवरची तारीख जुळत नसेल तर ती विसंगती तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. अशा वेळी घाईने सगळे पुसण्यापेक्षा तारखा, पदे आणि संस्थांची नावे आधीपासून अचूक ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

प्रोफाइल

व्यावसायिक ओळखीसाठी सर्वाधिक वापरले जाणारे माध्यम म्हणजे लिंक्डइन. मे २००३ मध्ये ते सुरू झाले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला, आणि सदस्यसंख्येत अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. २०२१ मध्ये ते हिंदीत आले आणि २०२४ मध्ये मराठीतही.

त्यावर नावाखाली एक ओळ असते. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे. शोधाच्या यादीत, प्रतिक्रियेच्या वर, मैत्रीच्या विनंतीत, सगळीकडे ही ओळ नावासोबत फिरते. बहुतेक जण तिथे 'ध्येयवेडा, मेहनती, बदल घडवणारा' अशा धाटणीचे काही तरी लिहितात. अशा ओळीतून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण तीच ओळ लाखो लोकांच्या नावाखाली शोभू शकते. त्याऐवजी 'द्राक्षबागांसाठी माती व पाणी परीक्षण, नाशिक' किंवा 'लघुउद्योगांची जीएसटी विवरणपत्रे आणि हिशेब, सांगली' असे लिहिले तर काम, क्षेत्र आणि गाव एका दमात कळते, आणि शोधयंत्रालाही नेमके शब्द मिळतात. परिचयाच्या मजकुराला २,६०० अक्षरांची जागा आहे. मात्र 'आणखी पाहा' दाबण्याआधी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. महत्त्वाचे ते त्या ओळींत यायला हवे: कोणते काम, किती वर्षे, कोणासाठी. बालपणीच्या स्वप्नांना खाली जागा आहे.

छायाचित्राबद्दल फार बोलले जाते. सांगण्यासारखे थोडेच आहे. चेहरा स्पष्ट असावा, फोटो अलीकडचा असावा, आणि लग्नाच्या फोटोतून कापलेला नसावा. कापलेल्या फोटोत खांद्यावर दुसऱ्याचा हात राहून जातो आणि तो लगेच दिसतो.

इथे वारंवार होणारी गफलत अतिशयोक्तीची असते. इंटर्नशिपची 'नोकरी' होते, चार जणांच्या गटाने केलेला प्रकल्प एकट्याचा होतो, दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गाचे प्रमाणपत्र पदवीच्या रांगेत जाऊन बसते. कागदावरचा बायोडेटा एक-दोन जण वाचतात. लिंक्डइनवरचा तोच दावा त्या प्रकल्पावर काम केलेले बाकीचे तिघेही वाचतात. ते जाहीरपणे काही म्हणणार नाहीत, पण पुढे कोणी विचारपूस केली तर त्यांचे उत्तर काय असेल हे त्या ओळीनेच ठरवून टाकलेले असते.

नोकरी शोधत असताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रोफाइल बदलले की संपर्कातल्या सर्वांना त्याची सूचना पाठवण्याची सोय लिंक्डइनवर आहे. तिच्यामुळे चालू कार्यालयात नको ती कुजबुज सुरू होते, म्हणून बदल करण्याआधी ती बंद करावी. 'कामासाठी उपलब्ध' ही खूण सर्वांना किंवा फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. दुसऱ्या पर्यायात चालू कंपनीच्या भरती विभागापासून ती लपवण्याचा प्रयत्न होतो, पण पूर्ण गुप्ततेची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही.

ज्या व्यवसायांना आचारसंहिता आहे

डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल आणि सरकारी कर्मचारी यांना प्रतिमा जपण्याचे स्वातंत्र्य इतरांइतके मोकळे नाही. त्यांच्या व्यवसायाने काही मर्यादा फार पूर्वी घातल्या आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच समाजमाध्यमांच्या आधीच्या आहेत. त्या समजून घेतल्या तर इतर व्यवसायांनाही बरेच शिकता येते, कारण त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: व्यावसायिकाची प्रतिमा त्याच्या एकट्याच्या मालकीची नाही, रुग्णाचा, पक्षकाराचा किंवा नागरिकाचा तिच्यात वाटा आहे.

डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आहेत. त्यांनुसार रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे अनैतिक ठरते, पण काही घोषणांना मुभा आहे: दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे, काही काळ बाहेर असणे, पुन्हा कामावर येणे, शुल्क जाहीर करणे वगैरे. रुग्णाकडून कळलेली गुपिते उघड करायची नाहीत. त्याला न्यायालयाचा आदेश, इतरांना असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग एवढेच अपवाद. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र किंवा केसची माहिती त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले. त्यांत समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन होते. लाइक आणि फॉलोअर विकत घेणे, शोधात नाव वर यावे म्हणून पैसे मोजणे यांना मनाई होती. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. तरीही त्यातला समाजमाध्यमांचा भाग आजच्या डॉक्टरांनी जरूर वाचावा असाच आहे.

व्यवहारात चूक कुठे होते ते एका एक्स-रेवरून समजते. तरुण अस्थिरोगतज्ज्ञ अवघड फ्रॅक्चर जुळवतो आणि आधीचा व नंतरचा असे दोन एक्स-रे इन्स्टाग्रामवर टाकतो. चेहरा कुठेच नाही, म्हणून त्याला ते निर्धोक वाटते. पण फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि केंद्राचे नाव बारीक अक्षरांत छापलेले असते. ते झाकले तरी खाली लिहिलेले असते: 'काल रात्री हायवेवरच्या अपघातातला पेशंट'. तालुक्याच्या गावात काल रात्री अपघात एकच झालेला असतो. ओळख पटायला नाव लागतेच असे नाही. वेळ, जागा आणि प्रसंग पुरेसे होतात. लेखी संमती घेणे, तारीख आणि ठिकाण वगळणे आणि काही काळ जाऊ देणे, या तिन्ही गोष्टी केल्यावरच अशी माहिती देणे योग्य. आरोग्याविषयी सर्वसाधारण माहिती सांगणाऱ्या डॉक्टरांचे काम मात्र मोलाचे आहे. मधुमेह, लसीकरण, सर्पदंश यांविषयी साध्या मराठीत बोलणारे डॉक्टर जितके वाढतील तितके हवेच आहेत, आणि त्यासाठी कुठल्याही रुग्णाला पडद्यावर आणावे लागत नाही. वैयक्तिक तक्रारींना प्रतिक्रियांच्या रकान्यात औषधे सुचवणे तेवढे टाळावे. न तपासता दिलेला सल्ला तिथे सगळेच वाचतात आणि आपापल्या दुखण्याला लावून घेतात.

वकिलांची बंधने याहून कडक आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील ३६ वा नियम प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मार्गाने काम मागण्यास आणि जाहिरात करण्यास मनाई करतो. वकिलाच्या पाटीचा आकारही बेताचा असावा, आणि आपण अमुक संघटनेचे अध्यक्ष आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो किंवा अमुक प्रकारच्या खटल्यांत निष्णात आहोत असे तिच्यावर नसावे, इतक्या बारकाव्याने तो लिहिलेला आहे. २००८ मध्ये त्याला अपवाद जोडला गेला आणि संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, सनदेचा क्रमांक, पात्रता आणि कामाची क्षेत्रे देण्याची परवानगी मिळाली. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या मंचांविरुद्ध कारवाईचे निर्देश दिले, आणि मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने इन्फ्लुएन्सर व नामवंतांमार्फत होणाऱ्या प्रसिद्धीबाबत ताकीद दिली. 'पक्षकाराला जामीन मिळवून दिला' असे कोर्टाच्या आवारातले रील या चौकटीत बसत नाही. एखाद्या निकालाचा अर्थ समजावून सांगणारा लेख ही वेगळी गोष्ट. त्यातून वकिलाची जाण दिसते आणि कोणाकडे काम मागितलेले नसते.

सनदी लेखापालांनाही १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने जाहिरातीबाबत असेच बांधले आहे. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांना सेबीची नोंदणी लागते. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन एखाद्या वस्तूची भलामण करणाऱ्या कोणत्याही व्यावसायिकाने ते नाते पोस्टमध्येच स्पष्ट सांगायला हवे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत मार्गदर्शन केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांच्या आधारे सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी समाजमाध्यमांच्या वापराविषयी सूचना दिल्या. त्या कंत्राटी आणि बाह्यस्रोतामार्फत नेमलेल्यांनाही लागू आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत. राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये. प्रोफाइलचा फोटो सोडला तर वैयक्तिक खात्यावर गणवेश, बोधचिन्ह, सरकारी वाहन किंवा इमारत यांचा वापर करू नये. गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नयेत. योजनांच्या यशाबद्दल लिहिताना स्वतःची स्तुती होणार नाही हे पाहावे, असा त्यांचा आशय आहे. शेवटची सूचना पाळायला सर्वांत अवघड. शेततळ्याचे काम पूर्ण झाल्याच्या पोस्टमध्ये शेततळे कोपऱ्यात आणि साहेब मधोमध असतील तर ती योजनेची माहिती राहत नाही. लोकांना हवे असते ते वेगळेच: अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतात, अनुदान किती हप्त्यांत मिळते. एवढे स्पष्ट सांगणाऱ्या तलाठ्याचे किंवा कृषी सहायकाचे नाव त्याच्या फोटोवाचूनही गावोगाव पोहोचते.

कार्यालयाच्या आतले बाहेर जाणे

आचारसंहिता नसलेल्या नोकरदारांचीही गोपनीयता सांभाळण्याची जबाबदारी नेमणूकपत्रातच लिहिलेली असते. ती मोडते ती सहसा अनवधानाने. टेबलावर वाढदिवसाचा केक, भोवती पाच-सहा सहकारी, आणि मागच्या फळ्यावर पुढच्या तिमाहीचे दर. किंवा मागच्या लॅपटॉपवर उघडी असलेली ग्राहकांची यादी. गळ्यातल्या ओळखपत्रावरचा क्रमांक आणि बारकोड तर हमखास दिसतात. फोटो टाकण्याआधी चेहऱ्यांपेक्षा पार्श्वभूमी मोठी करून पाहण्याची सवय लावून घेतली तर यातले बहुतेक टळते.

व्हॉट्सॲपला अनेक जण समाजमाध्यमात मोजतच नाहीत, आणि महाराष्ट्रात व्यावसायिक प्रतिमेचे नुकसान तिथेच जास्त होत असावे. साहेब आणि ग्राहक यांचे व आपले नंबर एकमेकांकडे जतन केलेले असतात. त्यामुळे स्टेटस त्यांनाही दिसते. आजारपणाची रजा टाकून अलिबागच्या किनाऱ्यावरचे स्टेटस ठेवणारा माणूस चोवीस तासांत ते जाणार या भरवशावर असतो. स्क्रीनशॉटला मात्र दोन सेकंद पुरतात. स्टेटस कोणाला दिसावे हे ठरवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. कार्यालयाच्या ग्रुपवर पहाटेचे सुविचार, राजकीय फॉरवर्ड आणि न तपासलेल्या औषधी नुस्ख्यांचा रतीब घालणाऱ्याचा कामाचा निरोपही हळूहळू कोणी वाचेनासे होते. चुकीच्या ग्रुपवर गेलेला संदेश सर्वांसाठी पुसायला साधारण दोन दिवसांची मुदत असते, पण 'हा संदेश पुसला' ही खूण मागे राहते. अशा वेळी एका ओळीत चूक सांगून मोकळे होणे बरे.

मते, वाद आणि चुका

नोकरी करणारा नागरिकही असतो आणि त्याला मत असते. संविधानाचा १९ (१) (अ) अनुच्छेद अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणारी पालघरची एक तरुणी आणि ती पोस्ट लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या मुलींवर जे ओढवले ते अन्यायाचे होते हे नि:संदिग्धपणे म्हणायला हवे. बदनामीचा कायदा मात्र कायम आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात तो येतो आणि समाजमाध्यमांवरील मजकुरालाही लागू होतो. 'मते वैयक्तिक आहेत' ही प्रोफाइलवरची ओळ कायद्यापुढे किंवा मालकापुढे फारशी टिकत नाही. वाचणारा नावाशेजारी लिहिलेले पद पाहतच असतो.

मत मांडणाऱ्यापेक्षा माणसाला लागट बोलणाऱ्याचे नाव अधिक खराब होते. एखाद्या धोरणावर आकडेवारीसह केलेली टीका विरोधकही मानाने वाचतात. तोच माणूस प्रतिक्रियांमध्ये कोणाच्या जातीवर, दिसण्यावर किंवा बोलीवर घसरला, की त्याच्या टीकेचे सगळे वजन जाते.

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका माध्यम कंपनीतील जनसंपर्क अधिकारी स्त्रीने लंडनहून केपटाउनला निघताना आफ्रिका आणि एड्स यांवर एक वंशवादी वाटणारा विनोद ट्विटरवर टाकला. तिचे फॉलोअर जेमतेम १७० होते. अकरा तासांच्या प्रवासात तिचा फोन बंद होता, आणि तेवढ्यात ते वाक्य जगभर पसरले; विमान उतरण्याची लोक वाट पाहत होते. तिची नोकरी गेली. जॉन रॉन्सन यांनी २०१५ मधल्या पुस्तकात या प्रकरणाचा विस्ताराने मागोवा घेतला. आपण उपरोधाने बोललो असे तिचे म्हणणे होते. तो उपरोध ओळखीच्या माणसांबाहेर कोणालाही कळला नाही. फॉलोअर थोडे असणे हे संरक्षण नाही, हे या घटनेने दाखवून दिले. झुंडीने एका माणसाला किती शिक्षा द्यावी हा या घटनेतला दुसरा, तितकाच गंभीर प्रश्न आहे.

चूक झाल्यावर मजकूर गुपचूप काढून टाकणे अपुरे असते, कारण त्याच्या प्रती तोवर निघालेल्या असतात. काय चुकले, कोणाला लागले आणि दुरुस्ती काय, एवढे नेमके लिहिणे उपयोगी पडते. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' या पद्धतीची दिलगिरी वाचणाऱ्याला टाळाटाळ वाटते आणि वाद वाढतो. माहितीची चूक असेल तर दुरुस्ती मूळ पोस्टमध्येच, तारखेसह करावी. ग्राहकाच्या कडवट अभिप्रायालाही हेच लागू: उत्तर थोडक्यात, सभ्यपणे द्यावे आणि तपशील फोनवर बोलावेत. ग्राहकाची बिले किंवा आजार जाहीरपणे मांडून स्वतःची बाजू सिद्ध करणे म्हणजे पुढच्या दहा ग्राहकांना सावध करणे.

जुन्या मजकुराची साफसफाई अधूनमधून करावी. फेसबुकवर जुन्या सार्वजनिक पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करण्याची सोय आहे, आणि टॅग केलेला मजकूर आपल्या पानावर येण्याआधी तपासता येतो. इन्स्टाग्रामवर व्यवसायासाठीचे खाते खासगी ठेवता येत नाही, हे खाते बदलण्याआधी माहीत असलेले चांगले. घरच्या फोटोंसाठी वेगळे, बंद खाते ठेवण्याचे तेच कारण.

खाते हाती राखणे

वर्षानुवर्षे जपलेले नाव दुसऱ्याच्या हाती गेले तर सारे व्यर्थ. डॉक्टर, पोलीस अधिकारी आणि प्राध्यापक यांचे फोटो उचलून बनावट खाते काढायचे आणि परिचितांकडे पैसे मागायचे, हा प्रकार सर्रास चालतो. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क आणि तोतयेगिरीने फसवणूक हा ६६ड कलमाखाली गुन्हा आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असे खाते आढळले की आधी स्क्रीनशॉट आणि खात्याचा दुवा जपून ठेवावा, मग त्या माध्यमाकडे तक्रार करावी आणि परिचितांना कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तातडीने फोन करावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. स्वतःच्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावणे ही या सगळ्यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत टाळली जाणारी गोष्ट.

नोकरी सोडताना किंवा बदली होताना हक्काचे प्रश्न निघतात. महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या सूचनांनुसार बदलीनंतर कार्यालयीन खाते पुढच्या अधिकाऱ्याकडे रीतसर सोपवावे लागते. खासगी संस्थांत कंपनीचे पान बहुधा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यातून चालवलेले असते. तो जाण्याआधी दुसऱ्याला पूर्ण अधिकार दिले नाहीत तर पान अडकून पडते आणि दोन्हीकडे कटुता येते. उलट बाजूही आहे: कार्यालयाच्या ईमेलवर काढलेले स्वतःचे लिंक्डइन खाते, तो ईमेल बंद झाल्यावर उघडणे जिकिरीचे होते. म्हणून राजीनामा देण्याआधीच वैयक्तिक ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक त्या खात्याला जोडून घ्यावा, जुन्या कंपनीच्या पानांवरचे आपले अधिकार काढून टाकावेत, आणि नव्या पदाची नोंद जुन्या ठिकाणाहून कार्यमुक्त झाल्यावरच करावी.